करसवलत हे अनुदान आहे काय? अमेरिकन तेल कंपन्यांचे उदाहरण

सरकारी अनुदान म्हटले की तिजोरीतून दिलेली रोख रक्कम डोळ्यांसमोर येते. अमेरिकेतील तेल उद्योगाचे समर्थक हाच अर्थ धरून बोलतात: सरकार कंपन्यांना काही देत नाही, त्यांचाच पैसा त्यांच्याकडे राहू देते. अर्थखात्यातील अधिकारी स्टॅन्ली सरे यांनी 1967 मध्ये वेगळी भूमिका मांडली. विशिष्ट उद्योगाला सोडलेला कर हा सरकारी खर्चच होय, असे सांगून त्यांनी ‘करव्यय’ ही कल्पना रूढ केली. 1974 च्या कायद्याने अशा सवलतींची यादी अर्थसंकल्पाबरोबर देणे बंधनकारक झाले.

तरीही प्रत्येक सवलत अनुदान ठरत नाही. इतर उद्योगांना कोणता नियम लागू आहे, हे आधी पाहावे लागते. देशांतर्गत उत्पादनासाठी 2004 मध्ये आलेली वजावट सर्वच उत्पादकांना होती. पुढे तर इतरांना 9 टक्के आणि तेलाला 6 टक्केच मिळे. 2017 च्या कायद्याने रद्द झालेल्या या वजावटीला तेलाचे अनुदान म्हणणे ओढाताणीचे आहे.

विहीर खोदण्याची मजुरी, इंधन इत्यादी खर्चाचा मोठा भाग लगेच वजा करता येतो. येथे कर माफ होत नाही, लांबणीवर पडतो. म्हणजे ते बिनव्याजी कर्जच झाले.

‘साठाघट’ वजावटीचे प्रकरण मात्र निराळे. 1926 मध्ये तिचा दर 27.5 टक्के ठरला, तोही प्रतिनिधीगृहाचे 25 आणि सिनेटचे 30 यांच्या मधोमध! ही वजावट खर्चावर नव्हे, एकूण विक्रीउत्पन्नावर मिळते. समजा, तेलसाठ्याचा हक्क 10 लाख डॉलरला घेतला आणि एकूण 1 कोटीचे तेल विकले, तर 15 टक्के दरानेही 15 लाख वजा होतात. गुंतवणुकीपेक्षा 5 लाख अधिक! अन्य उद्योगाला यंत्राच्या किमतीहून जास्त घसारा मिळत नाही. तेव्हा हे अनुदान नव्हे असे म्हणणे कठीण आहे. 1975 मध्ये बड्या कंपन्यांची ही सवलत गेली. स्वतंत्र उत्पादकांना दिवसाला 1,000 बॅरलपर्यंत 15 टक्क्यांनी ती अजूनही मिळते. रोख अनुदान अर्थसंकल्पात पुन्हापुन्हा मंजूर करून घ्यावे लागले असते. ही वजावट मात्र सुमारे शंभर वर्षे कायद्यात टिकून आहे.

भारतातही 2006-07 पासून केंद्रीय अर्थसंकल्पासोबत सोडलेल्या महसुलाचे विवरण मांडले जाऊ लागले. हा विषय शिकवताना ते वर्गात जरूर न्यावे.