हिरवं म्हणजे चालू?

टॉगल हिरवा झाला की चालू आणि करडा असला की बंद, हे सगळ्यांना कळतं असं बहुतेक डिझायनर गृहीत धरतात. हा गैरसमज आहे. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांपैकी सुमारे ८ टक्क्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट जाणवत नाही. शिवाय भर उन्हात मोबाइलचा पडदा पाहताना चांगल्या डोळ्यांनाही फिके रंग दगा देतात. म्हणून 'डब्ल्यूसीएजी' या जागतिक सुलभता निकषांनुसार कोणतीही माहिती केवळ रंगातून देऊ नये. आयफोनच्या टॉगलवर पूर्वी ऑन-ऑफ अशी अक्षरं असत. २०१३च्या आयओएस ७मध्ये ती गेली, पण ज्यांना खूण हवी त्यांच्यासाठी सेटिंग्जमध्ये वेगळी सोय ठेवावी लागली.

रंगापेक्षा मोठा घोळ शब्दांचा असतो. टॉगलशेजारी 'सूचना बंद' असं लिहिलेलं दिसतं. म्हणजे सूचना आत्ता बंद आहेत, की दाबल्यावर बंद होतील? व्हिडिओचं प्ले बटण दाबल्यावर काय होईल ते सांगतं. टॉगलने मात्र आत्ता काय आहे ते सांगायचं असतं. या दोन रीती एकत्र केल्या की माणूस अडखळतो. उपाय सोपा आहे: नाव कायम 'सूचना' एवढंच ठेवा आणि स्थिती वेगळी दाखवा. स्थितीबरोबर नावही बदललं, तर स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध व्यक्तीला 'सूचना बंद, चालू' असं ऐकू येतं. तिने यातून काय समजायचं?

टॉगल हा चेकबॉक्सचा नवा, देखणा अवतार आहे, हेही खरं नाही. टॉगल दाबताक्षणी बदल लागू व्हायला हवा. खाली 'सेव्ह करा' किंवा 'अर्ज पाठवा' असेल, तर तिथे चेकबॉक्सच योग्य. संमतीचा चेकबॉक्स तर कोराच हवा. आधीच टिक केलेला चौकोन म्हणजे कुकीजसाठी वैध संमती नव्हे, असा निकाल युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१९मध्ये दिला.

फिकं, बारीक बटण नीटनेटकं दिसतं म्हणून पुरतं, असं मानू नका. साध्या आकाराच्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट लागतो. दाबायच्या जागेसाठी डब्ल्यूसीएजी २.२ साधारणपणे किमान २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल मागतं. ॲपल मात्र ४४ पॉइंट सुचवतं आणि बोटांचा विचार केला तर तेच रास्त वाटतं. 'रद्द करा' मुद्दाम अंधुक ठेवणं हा तर सौंदर्याचा प्रश्नच नाही. भारतात २०२३च्या 'डार्क पॅटर्न'विरोधी मार्गदर्शक तत्त्वांनी अशा दिशाभुलीवर बंदी घातली आहे.

मराठी वेबसाइटसाठी आणखी एक गोष्ट. इंग्रजी अक्षरांच्या मापाने बटणाची उंची पक्की केली, की 'पूर्ण करा'मधला पूर्णचा रफार वरून आणि ऊकार खालून कापला जाऊ शकतो. उंची मजकुराप्रमाणे वाढू द्या आणि चाचणीला वेलांट्या, रफार, ऊकार असलेले खरे मराठी शब्दच घ्या.