रुग्णाची माहिती : विश्वासाने सोपवलेली ठेव

व्यापारी कुटुंबात माल आणि ठेव यांतील फरक कोणाला समजावून सांगावा लागत नाही. माल आपला असतो. त्याचे काय करायचे ते आपण ठरवतो. ठेव आपल्या तिजोरीत असली तरी दुसऱ्याची असते. रुग्ण डॉक्टरांपुढे बसून आपल्या शरीराविषयी, मनाविषयी, घराविषयी जे सांगतो आणि त्याच्या रक्ताच्या तपासणीतून जे निष्पन्न होते, ते सारे ठेवीतच जमा होते. केसपेपरचा कागद दवाखान्याचा असेल, संगणकही दवाखान्याचा असेल. त्यावरील गुपित मात्र रुग्णाचे असते.

आपल्या समाजाचा या प्रश्नाशी सर्व बाजूंनी संबंध येतो. आपल्या घरांतील मुली-मुले, सुना-जावई डॉक्टर आहेत. अनेकांची औषधांची दुकाने आणि तपासणी प्रयोगशाळा आहेत. धर्मादाय दवाखान्यांच्या विश्वस्त मंडळांवर आपली माणसे बसतात. आणि रुग्ण तर केव्हा ना केव्हा आपण सर्वच असतो.

बँकेतील गुप्तता, दवाखान्यातील गुप्तता

बँकेत रुजू होताना कर्मचाऱ्याला निष्ठा व गोपनीयतेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागते. १९७० च्या बँक राष्ट्रीयीकरण कायद्यातच हे बंधन घातलेले आहे. बँकिंगच्या परीक्षांना बसणाऱ्यांना १९२४ चा टूर्नियर खटला हमखास अभ्यासावा लागे. लंडनमधील एका खातेदाराचे खाते ओव्हरड्राफ्टमध्ये गेले होते. त्याचा पत्ता मिळवण्यासाठी शाखा व्यवस्थापकाने त्याच्या मालकाला फोन केला आणि बोलण्याच्या ओघात त्याची थकबाकी सांगितली, तो पैजा लावत असावा असा संशयही बोलून दाखवला. त्या माणसाची नोकरी पुढे चालू राहिली नाही. अपील न्यायालयाने बँकेचे गुप्ततेचे बंधन मान्य केले आणि चारच अपवाद सांगितले : कायद्याची सक्ती, सार्वजनिक कर्तव्य, बँकेच्या स्वतःच्या हिताची गरज आणि ग्राहकाची संमती. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, तेथे कोणी तिजोरी फोडली नव्हती. एका फोनने माणसाचे नुकसान झाले.

डॉक्टरांवरील बंधनही याच जातीचे आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारविषयक विनियमांनुसार व्यवसाय करताना कळलेले रुग्णाचे गुपित डॉक्टरांनी उघड करावयाचे नाही. अपवाद तीन : न्यायाधीशांचा आदेश, विशिष्ट व्यक्तीला किंवा समूहाला असलेला गंभीर व निश्चित धोका, आणि शासनाला कळवणे बंधनकारक असलेले रोग. नातेवाइकांची उत्सुकता या यादीत नाही. बिल कोणी भरले, यावरही अपवाद ठरत नाही.

अपवाद किती काळजीने वापरावा लागतो हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या एका निकालावरून दिसते. एका तरुणाच्या रक्ततपासणीत एचआयव्हीची लागण आढळली. ती बातमी बाहेर पडली, ठरलेला विवाह मोडला आणि रुग्णालयाने गुप्तता मोडली म्हणून त्याने भरपाई मागितली. न्यायालयाने गुप्ततेचे कर्तव्य मानले. परंतु नियोजित वधूच्या आयुष्यालाच प्रत्यक्ष धोका असल्याने त्या परिस्थितीत त्याचा दावा मान्य केला नाही. धोका निश्चित होता आणि तो कोणाला आहे हेही निश्चित होते, म्हणून अपवाद लागू झाला. स्थळ पाहताना ‘मुलीला लहानपणी काय झाले होते’ हे ओळखीच्या डॉक्टरांकडून किंवा कंपाउंडरकडून काढून घेण्याची जी पद्धत आहे, तिला या निकालाचा आधार मिळत नाही. विचारायचे असेल तर त्या घरालाच सरळ विचारावे.

पुढे संसदेने काही आजारांसाठी अधिक कडक कायदे केले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाला गोपनीयतेचा हक्क आहे. त्याच वर्षीच्या एचआयव्ही कायद्यात अशा नोंदी ठेवणाऱ्या संस्थांवर त्या सुरक्षित राखण्याची जबाबदारी आहे. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार त्या स्त्रीची ओळख अनधिकृत व्यक्तीला उघड करणे हा एक वर्षापर्यंतच्या तुरुंगवासास पात्र गुन्हा आहे. एकत्र कुटुंबात हे विशेष ध्यानात ठेवावे. सज्ञान सुनेचा अहवाल तिच्या हाती द्यावा; सासरे, दीर किंवा बिल भरणारे काका यांच्या हाती देण्यापूर्वी तिची संमती असावी.

गळती कोठून होते?

मोठ्या चोऱ्यांची बातमी होते. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या संगणकांवर हल्ला झाला. पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. नोंदणी, तपासण्या, बिले ही कामे हाताने लिहून करावी लागली. संगणकजाळ्याचे विभाग एकमेकांपासून नीट वेगळे केलेले नव्हते, असे शासनाने संसदेत सांगितले. रुग्णांची नोंद असलेली माहिती परत मिळाली ती हल्ल्यातून बचावलेल्या एका राखीव सर्व्हरवरून.

आपल्या गल्लीतील दवाखान्यात चोराला एवढे कष्ट पडत नाहीत. स्वागतकक्षात रुग्णाचे नाव आणि आजार मोठ्याने विचारला जातो, बाकावर बसलेले दहा जण ऐकतात. संगणकाचा पडदा बाकांकडे वळलेला असतो आणि पासवर्ड त्याच पडद्याच्या कडेला चिकटवलेला असतो. अहवालाचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर जाते. एक अंक चुकला की ते अनोळखी घरात पोहोचते. जुने केसपेपर रद्दीत जातात आणि त्यांच्या पुड्या बांधल्या जातात. जुना संगणक नव्याच्या बदल्यात देताना त्यातील हार्ड डिस्क पुसलेली नसते. औषधांच्या दुकानात उधारीच्या वहीत नावापुढे औषधही लिहिलेले असते आणि ती वही गल्ल्यावर उघडी पडलेली असते. मनोविकाराची किंवा क्षयाची गोळी कोणाकडे जाते, हे पान उलटणाऱ्या कोणालाही कळू शकते.

याची किंमत आरोग्याला मोजावी लागते. बोभाटा होईल या भीतीने माणूस जवळच्या डॉक्टरांकडे जायचे टाळतो, किंवा गेला तरी अर्धीच हकीकत सांगतो. खोकला महिनाभर अंगावर काढतो. तोवर क्षयाची लागण घरातील मुलांपर्यंत पोहोचू शकते. नैराश्याने ग्रासलेला तरुण ‘लग्नाचे जमणार नाही’ म्हणून उपचारच घेत नाही. गुप्ततेवरचा विश्वास उडाला की निदानच उशिरा होते.

मदत करणाऱ्या हातांनी

येथे थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. आपल्या संस्था रुग्णांना मदत करतात आणि ती मोलाची आहे. परंतु मदतीचे आवाहन करताना रुग्णाचे नाव, गाव, आजार, छायाचित्र आणि अहवालाची प्रत शेकडो मोबाइलवर फिरते. धनादेश देतानाचे छायाचित्र छापले जाते. आरोग्य शिबिरात साखर व रक्तदाबाच्या आकड्यांची यादी फोन क्रमांकांसह कार्यकारिणीच्या गटावर टाकली जाते. रुग्ण बरा होतो, मुले मोठी होतात, पण तो संदेश कोणाच्या तरी फोनमध्ये तसाच राहतो. गरजू माणसाने संमती दिली असे आपण म्हणतो; मात्र पैशाच्या निकडीत असलेला माणूस नाही कसे म्हणेल? दोन-तीन विश्वस्तांनी कागदपत्रे तपासावीत, देणगीदारांना आजाराचे स्वरूप आणि रक्कम कळवावी, नाव गुप्त ठेवावे. हिशेब चोख राहतो आणि घराची अब्रूही राखली जाते.

नवा कायदा आणि जुनी शिस्त

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याने लागू व्हावयाच्या आहेत. संगणकीय माहिती राखणाऱ्याने वाजवी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. माहिती फुटल्यास संबंधित व्यक्तींना व मंडळाला कळवावे लागेल. संगणकाचे काम बाहेरच्या कंपनीला दिले तरी जबाबदारी मूळ संस्थेचीच राहते. धर्मादाय दवाखान्यांच्या विश्वस्तांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

एक डॉक्टर, एक कंपाउंडर आणि एक स्वागतिका एवढ्याच दवाखान्याला हे कसे जमावे? बँकांची जुनी शिस्त येथे उपयोगी पडते. तिजोरीच्या किल्ल्या दोघांकडे असत. एकाच माणसाला सर्व उघडता येऊ नये, हा त्यामागचा विचार. त्याच विचाराने :

• प्रत्येक कर्मचाऱ्याचे लॉगिन वेगळे असावे. स्वागतिकेला वेळ आणि फोन क्रमांक दिसावा, निदान दिसू नये.

• कर्मचारी नोकरी सोडेल त्याच दिवशी त्याचे लॉगिन बंद करावे.

• माहितीची राखीव प्रत रोज घ्यावी, ती मुख्य संगणकापासून अलग ठेवावी आणि ती उघडते की नाही हे अधूनमधून तपासावे.

• अहवाल पाठवण्यापूर्वी क्रमांक रुग्णाकडून पडताळून घ्यावा. फाइलला पासवर्ड असावा.

• मुदत संपलेले कागद फाडून, नोंद करून नष्ट करावेत. २००२ च्या विनियमांनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे राखणे आवश्यक आहे. वाद किंवा खटला चालू असल्यास अर्थातच अधिक काळ.

• कंपाउंडरपासून सफाई कामगारापर्यंत प्रत्येकाकडून गोपनीयतेचे साधे मराठी प्रतिज्ञापत्र सही करून घ्यावे आणि त्याचा अर्थ तोंडी समजावून सांगावा.

यांतील बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही, सवय लागते.

एक सावधगिरीही हवी. गुप्ततेचे कारण सांगून खुद्द रुग्णालाच त्याचे कागद नाकारले जाऊ नयेत. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने नोंदी मागितल्यास त्या ७२ तासांत द्याव्यात, असे तेच विनियम सांगतात. ठेवीदाराने ठेव मागितली की ती द्यायचीच असते.

वाचकांनीही आपला वाटा उचलावा. दुसऱ्याच्या आजाराचा संदेश आपल्या फोनवर आला तर तो पुढे पाठवू नये. प्रयोगशाळेत ‘अहवाल कोणाला द्यायचा?’ असे विचारले तर ज्याचा अहवाल त्याचेच नाव सांगावे. आणि जे विश्वस्त पुढच्या आरोग्य शिबिराची तयारी करत असतील, त्यांनी मांडव आणि औषधांच्या यादीबरोबर आणखी एक प्रश्न बैठकीत घ्यावा : तपासणीचे कागद शिबिरानंतर कोणाच्या कपाटात राहतील, आणि त्या कपाटाची किल्ली कोणाकडे असेल?