काळ्या मातीवरचा झोका

"पाटे ठीक हायेत भाऊ, शॉकअप मेले."

आमच्या जुन्या ओम्नीच्या मागच्या कोपऱ्यावर मिस्त्रींनी दोन्ही तळव्यांनी भार दिला आणि एकदम हात काढून घेतले. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर, पुन्हा खाली. चौथ्या हेलकाव्याला कशीबशी थांबली. धडधाकट शॉकअपची गाडी एकदा वर येऊन जागेवर बसते, फार तर आणखी अर्धा हेलकावा घेते. चाचणी ढोबळ आहे. हिच्यात पास झालेला शॉकअपही आतून थकलेला असू शकतो. पण जो हिच्यातच नापास झाला, त्याच्याबद्दल शंका उरत नाही.

आमच्या घाटंजीत जुनी गाडी ही घरातली एकच गाडी असते. तीच शेतात जाते, तीच लग्नाला जाते आणि रात्री-अपरात्री दुखणाईत माणसाला यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात तीच नेते. इंजिन बिघडलं तर गाडी जागची हलत नाही, म्हणून त्याकडे लगेच लक्ष जातं. शॉकअप गेले तरी गाडी चालत राहते आणि तिच्या डोलण्याची आपल्याला सवय होऊन जाते. म्हणून या दुर्लक्षित नळकांड्याची ओळख नीट करून घ्यायला हवी. जुन्या गाडीसाठी नवा शॉकअप निवडणं हे किमतीचं कोडं नाही. आपली गाडी, तिच्यावरचा भार आणि आपला रस्ता या तिघांना ओळखण्याचं ते काम आहे.

आधी रस्ता पाहू. वाघाडी नदीच्या काठचं आमचं गाव कापसाच्या काळ्या मातीत वसलेलं आहे. बेसॉल्टच्या खडकातून झालेली ही माती पाणी धरून ठेवते, म्हणून कोरडवाहू पऱ्हाटी तिच्यात तग धरते. पण तिच्यातली चिकणमाती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. शेताला मानवणारा हा गुण रस्त्याला सोसत नाही. खालची जमीन वर्षातून एकदा फुगणार आणि एकदा बसणार असेल, तर वरचं डांबर कितीही नीट घातलं तरी कालांतराने त्याला लाटा येतात. खड्डा डोळ्यांना दिसतो, म्हणून आपण गाडी हळू करतो. लाट दिसत नाही. ती फक्त झोका देते.

या झोक्याचं गणित सोपं आहे. स्प्रिंगांवर तोललेलं मोटारीचं धूड धक्का बसल्यावर सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा हेलकावतं. ही त्याची स्वतःची लय. आता गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली आहे असं धरा. म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. रस्त्यावरच्या लाटा १४ मीटर अंतराने असतील, तर गाडीला सेकंदाला सुमारे सव्वा वेळा झोका मिळतो, तिच्या नेमक्या लयीत. पाळण्याला ठरावीक वेळी हलका हात लावत राहिलं तर पाळणा उंच उंच जातो, तसंच इथे होतं. लाट दोन-चार बोटांचीच असते, पण प्रत्येक लाटेला झोका वाढत जातो. तो रोखणारं काही नसेल, तर चाकावरचा भार क्षणाक्षणाला कमी-जास्त होतो आणि ब्रेक दाबला त्याच क्षणी चाक हलकं असलं तर टायर रस्ता धरत नाही.

इथे नावाने होणारा एक गोंधळ दूर केला पाहिजे. शॉक अ‍ॅब्सॉर्बर म्हटल्यावर तो धक्का झेलतो असं वाटतं. धक्का झेलतात ते पाटे आणि स्प्रिंगा. गाडीचं वजनही त्याच पेलतात. शॉकअप वजन जवळपास पेलतच नाही. स्प्रिंगेने झेललेला धक्का ती परत फेकते, तो परतीचा झोका विझवणं हे शॉकअपचं काम. म्हणूनच गाडी मागून बसली असेल, तर शॉकअप बदलून ती उचलली जाणार नाही. तिथे पाटे पाहायला हवेत.

विझवणं कसं होतं, ते विहिरीत उतरलेल्या कुणालाही कळेल. पाण्यातून हात सावकाश फिरवला तर पाणी वाट देतं. तोच हात जोरात मारला तर पाणी अडवतं. शॉकअपच्या नळीत तेल असतं आणि त्यात दांड्याला जोडलेला दट्ट्या वर-खाली होतो. दट्ट्याला बारीक भोकं आणि झडपा असतात. चाक जितक्या वेगाने हलेल, तितकं तेल त्यांतून जायला जास्त विरोध करतं. त्या ओढाताणीत हालचालीची ताकद उष्णतेत बदलते आणि ती उष्णता नळीच्या अंगावरून हवेत जाते. साध्या शॉकअपमध्ये एकात एक अशा दोन नळ्या असतात. आतलीत दट्ट्या काम करतो आणि बाहेरची तेलाचा साठा ठेवते. दोन्हींमध्ये तळाशी आणखी एक झडप असते. चाक वर येताना विरोध कमी आणि खाली सुटताना जास्त, बहुधा दुप्पट-तिप्पट, ठेवलेला असतो. वर येणाऱ्या चाकाला वाट द्यायची आणि ताणातून सुटणाऱ्या स्प्रिंगेला आवरायचं, ही यामागची समज.

ही समज यायला बराच काळ गेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये ट्रुफो याने घर्षणाने झोका अडवणारं साधन केलं आणि हार्टफोर्डने ते अमेरिकेत नेलं. तिथेच क्लॉड फॉस्टर नावाचा माणूस मोटारीचे भोंगे बनवत होता. तुतारी फुंकणाऱ्या देवदूतावरून त्याने आपल्या भोंग्याला गॅब्रियल हे नाव दिलं आणि पुढे गाडीचा झोका आवरणारा पट्टाही काढला. घर्षणाची साधनं झिजत आणि त्यांचा विरोध वेगाबरोबर वाढत नसे. तेलाच्या साधनांनी ती उणीव भरून काढली. गॅब्रियलचं नाव १९६१ साली महाराष्ट्रात आलं. दीप आनंद यांनी मुंबईत मुलुंडला शॉकअपचा कारखाना सुरू केला. नंतर नाशिक आणि चाकणलाही कारखाने झाले. कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी असो की महिंद्राची जीप, आपल्याकडच्या खडबडीत रस्त्यांवर त्यांना तारलं ते याच साध्या नळकांड्यांनी.

आता गाडी. मारुतीची व्हॅन १९८४ साली आली, १९८८ मध्ये तिचं नाव ओम्नी झालं आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. शाळेची मुलं, रुग्ण, किराणा, वऱ्हाडी मंडळी, सगळ्यांना पुरलेली ही गाडी. शॉकअप समजून घ्यायला तिच्यासारखी दुसरी शिक्षिका नाही, कारण तिच्या दोन टोकांना दोन वेगळ्या पद्धती आहेत. पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. तिथे स्प्रिंग शॉकअपभोवतीच बसते आणि तो खांबच चाकाला उभं धरतो. मागे सरळ अ‍ॅक्सल, पाटे आणि वेगळे शॉकअप. पाट्यांची पानं एकमेकांवर घासतात, त्यामुळे झोका थोडा तिथेच मरतो. गोल स्प्रिंगेत असं घर्षण जवळजवळ नसतं, तिची सगळी भिस्त शॉकअपवर. म्हणून पुढचा स्ट्रट गेला की स्टिअरिंगला लगेच कळतं आणि मागचा गेला की बराच काळ लक्षातच येत नाही.

आमच्या गाडीचं हेच झालं. त्याआधी एक चूकही झाली होती. खताची पोती वाहायची म्हणून एका गॅरेजमध्ये आम्ही मागे एक पाटा वाढवून घेतला आणि दुकानदाराने दाखवलेले सर्वांत कडक शॉकअप लावले. पोती असताना गाडी छान चालली. पोती उतरवून आई मागच्या सीटवर बसली की प्रत्येक भेगेला तिची पाठ दुखे. एका पावसात तर वळणावर गाडीचं शेपूट सरकलं. तेव्हा कळलं की कडकपणा आणि पकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फार कडक शॉकअप चाकाला खोलगट जागेत वेळेवर उतरू देत नाही. एकामागून एक उंचवटे आले तर चाक वरच अडकून राहतं आणि तेवढा वेळ टायर रस्त्याला नावापुरता टेकलेला असतो. फार मऊ शॉकअपने गाडी डोलते, फार कडक शॉकअपने ती उडते. पकड दोन्हीकडे सुटते.

या वेळी मी दुकानात जाण्याआधी मिस्त्रींना विचारलं, कोणते घेऊ?

"कडक पाह्यजे म्हणू नका. गाडी काय वाहून राह्यली ते सांगा पहिले."

त्यांचा हा प्रश्नच निवडीची पहिली पायरी आहे. ओम्नीचं स्वतःचं वजन सुमारे ८०० किलो. त्यात साठ-साठ किलोची आठ माणसं बसली तर ४८० किलो वाढले, गाडीच्या निम्म्याहून जास्त. तेव्हा वर्षातले बहुतेक दिवस गाडीत किती भार असतो, त्यावर निवड व्हायला हवी. चार दिवसांच्या पोत्यांसाठी उरलेलं वर्ष कडक शॉकअपवर काढू नये. आम्ही वाढवलेला पाटा काढला, मूळ पाटे तपासून ठेवले आणि मूळ मापाचेच शॉकअप घ्यायचं ठरवलं. पाटे मूळ असतील तर शॉकअपही मूळ मापाचा. पाटे खरोखरच बदलायचे असतील, तर त्यांना आवरेल असा शॉकअप. हे दोघे जोडीने काम करतात, म्हणून त्यांचा विचारही जोडीनेच करावा.

दुसरी पायरी तेल की गॅस. गॅसचा शॉकअप म्हणजे निव्वळ हवेवर चालणारा नव्हे. त्यातही तेलच असतं, वर दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो. सलग खडबडीत रस्त्यावर दट्ट्या भराभर हलला की तेलात फेस होतो आणि फेस झालेलं तेल झोका अडवत नाही. नायट्रोजनचा दाब हा फेस होऊ देत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा तेल आधीच पातळ झालेलं असतं. अशा दिवसांत रोज लांबचा खराब रस्ता असेल तर कमी दाबाचा गॅस शॉकअप उपयोगी पडतो. मात्र त्याच्या दाबाने गाडी किंचित उचलली जाते आणि बारीक धक्के थोडे जास्त जाणवतात. गावात आणि तालुक्यात संथ फिरणाऱ्या गाडीला चांगला तेलाचा शॉकअप पुरतो.

तिसरी पायरी माप. पूर्ण उघडल्यावरची लांबी, पूर्ण दाबल्यावरची लांबी आणि बुशचा व्यास जुन्याशी जुळला पाहिजे. आखूड शॉकअप चाक खाली सुटताना ताणून तुटतो, लांब शॉकअप भार आल्यावर तळाला आपटतो. दिसायला सारखा आहे म्हणून दुसऱ्या गाडीचा घेऊ नये. सुट्ट्या भागाचा नंबर आणि गाडीचं वर्ष दुकानात सांगावं, बिल घ्यावं.

स्वस्तातला मार्ग म्हणून जुना शॉकअप कापून, तेल भरून, पुन्हा वेल्ड करून मिळतो. त्यात सील नवं येतं, पण झिजलेली झडप आणि ओरखडलेला दांडा तसाच राहतो. कोणतं तेल भरलं हेही कळत नाही. माणसं वाहणाऱ्या गाडीला तो लावू नये. पैसे कमी असतील तर आधी मागची जोडी आणि मग पुढची असं करावं, पण जोडी फोडू नये.

"एक नवा एक जुना लावला तं गाडी एका अंगानं चालते," मिस्त्री म्हणाले ते अगदी खरं. ब्रेक दाबल्यावर ती एका बाजूला खेचूही शकते.

बसवण्यातही कसब आहे. दुकानात आडवा पडलेला तेलाचा शॉकअप मिस्त्रींनी उभा धरला आणि चार-पाच वेळा पूर्ण ओढून दाबला. आतल्या नळीत शिरलेली हवा त्याने निघून जाते. रबरी बुशचे नट त्यांनी गाडी जॅकवर असताना नुसते बसवले आणि चाकं जमिनीला टेकल्यावर आवळले. लोंबत्या चाकावर नट आवळले तर बुश कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पुढच्या स्ट्रटची दाबलेली स्प्रिंग जीवघेणी ठरू शकते. ती योग्य स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय कुणी सोडू नये. पुढचं काम झालं की अलाइनमेंट करून घ्यावी, नाहीतर नवे टायर खाल्ले जातील. टायरवर हात फिरवून मधेच उंच मधेच खोल असे चट्टे लागले, तर तोही मेलेल्या शॉकअपचाच निरोप असतो. साधारण ८० हजार किलोमीटरनंतर एवढी तपासणी करायलाच हवी आणि आमच्या रस्त्यांवर त्याच्याही आधी.

काम संपल्यावर मिस्त्रींनी मला पारवा गावाच्या दिशेने चक्कर मारून यायला सांगितलं. आई मागे बसली होती. नेहमीच्या लाटा आल्या, गाडी पहिल्या लाटेवर उठली आणि बसली. दुसरीवर पुन्हा तेवढीच उठली आणि बसली. झोका वाढला नाही. आई काहीच बोलली नाही, खिडकीतून कापूस पाहत राहिली.

परत आल्यावर मिस्त्री गाडीखाली वाकले. "हात लावून पाहा भाऊ. तापले तं काम करून राह्यले."

मी बोटं टेकवली. दोन्ही नळ्या सारख्याच कोमट होत्या. येता-जाता जो झोका आईच्या पाठीपर्यंत पोचला नाही, तो तिथे, माझ्या बोटांखाली, हळूहळू निवत होता.