खोडवा मोडून द्राक्ष लावण्यापूर्वी

परवा सोलापुरात नवी पेठेत एक सभासद भेटले. म्हणाले, "साहेब, खोडवा मोडून एकरभर द्राक्ष लावू का?"

आम्ही म्हटले, आधी वेलाचा स्वभाव ओळखा. फ्रान्स-जर्मनीत हिवाळ्यात वेल पाने टाकून झोपतो, छाटणी एकदाच होते. चीनच्या निंग्शिया भागात तर गारठ्यापासून वाचविण्यासाठी वेल मातीत पुरतात. आपल्याकडे वेलाला ही झोप नाही. म्हणून दोन छाटण्या. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी. पीक मात्र एकच.

उसाचा डोळा ओल मिळताच फुटतो. द्राक्षाच्या डोळ्यात मात्र घड खरड छाटणीनंतरच्या दोन महिन्यांत आतल्या आत घडतो. तिथे चुकले की फळछाटणीनंतर नुसता पाला!

जमीन आपली कमी नाही. 'सोनाका', 'शरद सीडलेस' या जाती याच जिल्ह्यातील नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी निवडल्या. पण फुलोऱ्यात अवकाळी पाऊस आला तर केवडा येतो, मग फवारणीला उसंत नाही.

ऊसवाढ हेच आमचे काम, तरी ऊस मोडूच नका असे आम्ही म्हणणार नाही. मात्र बंधूंनो, मे महिन्यात विहिरीचे पाणी मोजा, मगच काय ते ठरवा.