पंचवीस टक्के जागा आणि आपली माहिती

अमेरिकेत ‘स्कूल व्हाउचर’ नावाची पद्धत पुष्कळ राज्यांत आहे. सरकार मुलाच्या शिक्षणाचा पैसा पालकाने निवडलेल्या खाजगी शाळेकडे वळवते. तेथे हा प्रश्न कधी कधी थेट मतपेटीत जातो. युटा राज्यात २००७ साली मतदारांनी ही योजना फेटाळली, आणि केंटकीत २०२४ साली सरकारी पैसा खाजगी शाळांना देण्याची वाटच नाकारली. आपल्या अमरावती-अकोल्यात व्हाउचर म्हटले की माणसाला हिशेबाची पावती आठवेल. पण त्याच जातीची एक सोय आपल्या दारात उभी आहे, आणि तिची अर्धवट माहिती हेच आपले दुखणे आहे.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने विनाअनुदानित खाजगी शाळांवर प्रवेशवर्गातील २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील बालकांना देण्याचे बंधन घातले. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली ते वैध ठरविले. अल्पसंख्याक शाळा त्यातून सुटल्या. फी पालक देत नाही, सरकार ठरलेल्या दराने शाळेला देते. कूपन हाती येत नाही एवढेच; अर्ज ऑनलाइन आणि निवड सोडतीने.

लोकांचे मत काय, हे २०२४ साली दिसले. त्या फेब्रुवारीत राज्य शासनाने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेची सुटका. २०२३ साली सुमारे एक लाख जागांसाठी साडेतीन लाखांहून अधिक अर्ज आले होते. नव्या नियमानंतर ते एकदम घसरले. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने नियमाला स्थगिती दिली, जुलैत तो रद्द केला, आणि अर्ज पुन्हा वाढले. कोणी सभा घेतली नाही, पण पालकांनी कौल दिला. जिल्हा परिषदेची शाळा नको, असा त्याचा सरळ अर्थ काढणे आम्हांला पटत नाही. ती शाळा तर विनामूल्य होतीच; पालकांना हवी होती निवड.

आता आपल्या वस्तीतले पाहा. उत्पन्नाचा दाखला मिळाला नाही म्हणून अर्जच न भरलेली घरे आम्हांला भेटतात. एक लाखाची उत्पन्नमर्यादा दुर्बल घटकासाठी आहे. अनुसूचित जातीच्या, म्हणजे नवबौद्धांच्याही, बालकाला ती लागू नाही. लागतो तो जातीचा दाखला, जन्माचा दाखला आणि राहण्याचा पुरावा. दाखला उपविभागीय अधिकाऱ्याचा असतो, त्याला वेळ लागतो. जाहिरात निघाल्यावर सेतू केंद्रात धावून भागत नाही. दुसरे, संधी फक्त प्रवेशवर्गात असते. पहिलीचे वय निघून गेले की दुसरीत घुसता येत नाही.

सोडतीत नाव आले की शाळेच्या दारात लाजण्याचेही कारण नाही. १९२७ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी मागासलेल्यांचे शिक्षण स्वस्त करा, असा आग्रह धरला होता. ही जागा खैरात नाही, कायद्याची आहे.

मात्र खेड्यात या कायद्याचा उपयोग थोडा. प्रवेश देताना घरापासून शाळेचे अंतर पाहिले जाते; मेळघाटातल्या पाड्याजवळ विनाअनुदानित शाळाच नसेल तर पंचवीस टक्के कशाचे काढायचे? तेथे जिल्हा परिषदेच्या शाळेचा शिक्षक जागेवर आहे की नाही, हाच खरा प्रश्न.

शहरातल्यांसाठी एक गोष्ट राहते, ती फारच कमी जण विचारतात. ही सवलत आठवीपर्यंतच आहे. नववीत तीच शाळा पूर्ण फी मागू शकते. अनुसूचित जातीच्या मुलांना नववी-दहावीसाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे, पण तिला उत्पन्नाची मर्यादा आहे आणि इंग्रजी शाळेची फी तीतून भागत नाही. तेव्हा पहिलीचा अर्ज भरतानाच त्या शाळेची नववीची फी विचारून घ्यावी. आपल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी अर्जाच्या दिवसांत विहारात तासभर बसून हे फॉर्म भरून दिले, तर सायबर कॅफेचे पैसेही वाचतील.