वेगाचे रसिक आणि आपला महामार्ग

रविवारी सायंकाळी साडेसहाच्या सुमारास युरोपातील एखाद्या धावपट्टीवर पाच लाल दिवे एकामागून एक लागतात आणि एकदम विझतात, त्या क्षणी जळगाव व धुळे या शहरांतील काही घरांत, काही वसतिगृहांत आणि काही गॅरेजांतही माणसे श्वास रोखून बसलेली असतात. संख्येने ही मंडळी थोडी. क्रिकेटच्या अफाट जनसंमर्दापुढे त्यांची गणना करण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही. त्यांच्यातील बहुतेकांनी ग्रां प्री शर्यत प्रत्यक्ष पाहिलेली नाही. पाहावी म्हटले तरी ती खानदेशातच काय, आज भारतातही होत नाही. तरीसुद्धा सोमवारी सकाळी टपरीवरच्या चहासोबत या शर्यतीची अशी काही चिकित्सा होते, की एखाद्या मैफिलीनंतर जाणकार मंडळी जागेच्या चुका काढीत बसली आहेत असे वाटावे.

या मंडळींचा खरा आनंद शर्यतीइतकाच शर्यतीविषयीच्या बोलण्यात असतो. एकाने विचारावे, मृत्यूनंतर जगज्जेता ठरलेला एकमेव चालक कोण? दुसऱ्याने उत्तर द्यावे, योखेन रिंट, साल १९७०; मॉन्झाच्या सरावात तो गेला, पण तोवर मिळवलेले त्याचे गुण वर्षअखेरीपर्यंत कुणाला ओलांडता आले नाहीत. दुचाकी आणि चारचाकी या दोन्ही प्रकारांत जगज्जेतेपद मिळविणारा एकटा कोण? जॉन सर्टीज. पाच वेळा अजिंक्यपद मिळविणाऱ्या फान्जिओला १९५८ साली क्यूबात कुणी पळवून नेले? कास्त्रोच्या बंडखोरांनी, आणि त्यांनी त्याला सुखरूप परतही पाठविले. १९७६ साली न्यूरबर्गरिंगवर आगीत होरपळलेला निकी लाउडा सहाच आठवड्यांत पुन्हा मोटारीत बसून मॉन्झाला चौथा आला, ही कथा तर प्रत्येक नव्या सभासदाला एकदा तरी ऐकावीच लागते. हिवाळ्यात शेतावर भरताची वांगी तुरकाट्यांच्या जाळावर भाजली जात असताना मोसमाची अखेरची शर्यत आलेली असते. २०२१ सालच्या अबुधाबीच्या शेवटच्या फेरीत हॅमिल्टनवर अन्याय झाला की व्हर्स्टापेनला त्याच्या धैर्याचे फळ मिळाले, हा वाद भरीत संपले तरी संपत नाही.

असा प्रश्न कुणी विचारील, की या माहितीचा उपयोग काय? ज्या प्रदेशात केळीचा भाव पडला की घराघरांतील हिशेब कोलमडतात, तेथील तरुणांनी परदेशातील श्रीमंतांच्या खेळातील सनावळ्या पाठ कराव्यात, ही चैन नव्हे काय? हा आक्षेप वरवर रास्त दिसला तरी टिकणारा नाही. माहिती ही अशी संपत्ती आहे, की ती दुसऱ्याला दिल्याने देणाऱ्याजवळची कमी होत नाही. आणि उपयोगाचीच कसोटी लावायची, तर पोळ्याला बैलजोडीच्या गुणदोषांवर तासन् तास बोलणारे आजोबा आणि विजय हजारे यांच्या धावा तोंडपाठ असणारे वडील हेही त्या कसोटीस उतरणार नाहीत. माणसे आवडीच्या विषयात अचूकता शिकतात. गुण किती, नियम कोणता, अपवाद कोणता, हे बारकाईने पाहण्याची सवय एकदा जडली की ती अन्यत्रही कामी यावी, अशी निदान अपेक्षा असते. ती अपेक्षा खानदेशात पुरी होते काय, हाच येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न आहे.

धुळे आणि जळगाव या शहरांना वाहनांची ओढ असावी यात नवल नाही. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग धुळ्याला एकमेकांना छेदतात. रावेर–यावलची केळी उत्तरेकडे जातात ती वेळेशी स्पर्धा करीत. उशीर झाला तर माल पिकून जातो. इंजिनाच्या आवाजावरून दोष ओळखणारे कारागीर येथे पिढ्यान् पिढ्या तयार झाले. दूरचित्रवाणीच्या उपग्रह वाहिन्या १९९० नंतरच्या दशकात घरोघर पोहोचल्या आणि शूमाकरचे नाव या कारागिरांच्या मुलांच्या ओठी आले. पुढे २००५ साली नारायण कार्तिकेयन हा पहिला भारतीय चालक या शर्यतींत उतरला, २०१० साली करुण चंढोक उतरला, आणि २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे ‘इंडियन ग्रां प्री’ झाली. तिन्ही वेळा जिंकला तो सेबास्टियन फेटेल. उत्तर प्रदेश सरकारने या शर्यतीला खेळ न मानता करमणूक मानले, करांचे वाद झाले आणि शर्यत गेली ती गेलीच. मुंबईच्या जेहान दारूवालाने २०२० साली साखीर येथे फॉर्म्युला दोनची शर्यत जिंकली, तेव्हा मराठी मुलखातील या रसिकांना पुन्हा काही काळ आशा वाटली.

कार्तिकेयनची एक कथा येथे विशेष आवडीने सांगितली जाते. त्याने आयुष्यात मिळविलेले पाचही गुण एकाच शर्यतीतले. १९ जून २००५ रोजी अमेरिकेत इंडियानापोलिस येथे तो चौथा आला. मात्र त्या दिवशी प्रत्यक्ष शर्यत धावल्या त्या सहाच मोटारी. उरलेल्या चौदा मोटारी सुरुवातीच्या फेरीनंतर परत वळल्या, कारण एका विशिष्ट वळणावर आपले टायर टिकतील याची ग्वाही त्यांच्या उत्पादकाला देता येईना. ऐकणारे हसतात आणि गोष्ट तेथेच संपते. वास्तविक तिचे मर्म त्यापुढे आहे. ज्या धंद्यात एकेका गुणासाठी कोट्यवधी रुपये ओतले जातात, त्या धंद्यातील सात संघ जमलेल्या प्रेक्षकांचा रोष पत्करून, केवळ ‘टायर धोक्याचा आहे’ एवढ्याच कारणावरून माघारी फिरले. ही सुबुद्धी त्यांना जन्मतः लाभलेली नव्हती. ती मृत्यूंच्या मोबदल्यात आलेली होती.

१९६६ साली बेल्जियमच्या स्पा येथे मुसळधार पावसात जॅकी स्ट्यूअर्टची मोटार रस्ता सोडून गेली. तो आत अडकला, अंगावर पेट्रोल सांडत होते आणि त्याला सोडविण्यासाठी साधा पाना जवळ नव्हता. अखेर प्रेक्षकाच्या हत्यारांतून पाना मागून आणावा लागला. रुग्णालयाकडे निघालेली रुग्णवाहिका वाट चुकली ती वेगळीच. त्यानंतर स्ट्यूअर्ट स्टिअरिंगला पाना चिकटवूनच शर्यतीत उतरू लागला. पण एवढ्यावर तो थांबला नाही. सुरक्षेची मागणी लावून धरल्याबद्दल त्याला भित्रा म्हटले गेले. तरी चालकांची संघटना त्याच्या पाठीशी राहिली आणि १९६९ साली चालकांनी बहिष्कार घातल्यामुळे स्पाची शर्यतच रद्द झाली. १९७८ साली मॉन्झाला पहिल्याच फेरीतील धडकेनंतर रॉनी पीटरसन दुसऱ्या दिवशी दगावला. त्यावर शर्यतींचे वैद्यकीय प्रमुख डॉ. सिड वॉटकिन्स यांनी अट घातली, की पहिल्या फेरीत वैद्यकीय मोटार सर्व मोटारींच्या मागोमाग धावलीच पाहिजे. १९९४ साली इमोला येथे लागोपाठ दोन दिवसांत रोलांड राट्झेनबर्गर आणि आयर्टन सेना गेले. त्यानंतर धावपट्ट्या, भिंती, चालकाच्या बैठकीच्या कडा, सारे बदलले. पुढील वीस वर्षांत या शर्यतींत एकाही चालकाचा बळी गेला नाही. २०१४ साली सुझुका येथे ज्यूल बियांकी धावपट्टीलगत उभ्या असलेल्या क्रेनवर आदळला. २०१५ साली त्याचा मृत्यू झाला. त्याच वर्षापासून अशा प्रसंगी सर्व मोटारींचा वेग एकदम उतरविण्याचा नियम आला. २०१८ पासून चालकाच्या डोक्याभोवती टायटॅनियमचे कडेही आले. ते कुरूप आहे म्हणून रसिकांनी नाके मुरडली, काही चालकांनीही विरोध केला. त्या विरोधकांतील एक, रोमां ग्रोजाँ, २०२० साली बहरीनला पहिल्याच फेरीत लोखंडी कठड्यात घुसला. मोटारीचे दोन तुकडे झाले, आगीचा लोळ उठला आणि अर्ध्या मिनिटाच्या आत तो आपल्या पायांनी बाहेर आला. कड्याने त्याचे डोके वाचविले होते. आणि मदतीचा हात देण्यास डॉक्टर क्षणार्धात पोहोचले, कारण बेचाळीस वर्षांपूर्वीच्या पीटरसनच्या मृत्यूने त्यांची मोटार तेथे आणून ठेवली होती.

हा सारा इतिहास जळगाव–धुळ्याच्या रसिकांना ठाऊक आहे. कोणत्या मृत्यूने कोणता नियम बदलला, हे त्यांना सांगता येते. आता त्यांच्याच अंगणातील दोन घटना पाहाव्यात. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यातील किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक मध्यरात्री उलटला आणि मालावर बसून घरी निघालेले पंधरा मजूर मरण पावले. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यातील पळासनेर येथे ब्रेक निकामी झालेला कंटेनर वाहनांना धडकत रस्त्याकडेच्या हॉटेलात शिरला. दहा माणसे गेली. या पंचवीस मृत्यूंनी कोणता नियम बदलला? मजुरांची ने-आण मालावर बसवून होऊ नये यासाठी काय झाले? ब्रेक निकामी होण्याची कारणे कोणत्या अहवालात लोकांपुढे आली? सेनाच्या मोटारीत सापडलेला ऑस्ट्रियाचा झेंडा कुणासाठी होता, हे सांगणाऱ्या मंडळींत या प्रश्नांची उत्तरे देणारा विरळा. यात त्यांचा एकट्याचा दोष नाही. उत्तरे कुणी तयारच केलेली नसतात.

जळगाव शहराचे तर दुखणे जुने आहे. खोटेनगरपासून अजिंठा चौफुलीपर्यंत शहराच्या मधून महामार्ग गेला. शाळेची मुले, बांभोरीकडे व विद्यापीठाकडे जाणारे विद्यार्थी आणि अवजड वाहने यांना वर्षानुवर्षे एकच रस्ता वापरावा लागला. समांतर रस्त्यांसाठी नागरिकांना आंदोलने करावी लागली. रात्री दिव्यांविना रस्त्यालगत उभ्या केलेल्या ट्रकवर दुचाकी आदळल्याची बातमी खानदेशातील वाचकाला नवी नाही. जो धोका जगातील एका धावपट्टीवर एकदा दिसला आणि ज्यासाठी लगोलग नियम झाला, तोच धोका येथे नित्याचा आहे आणि त्याला ‘दैव’ हे नाव आहे.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर ज्या हानीची नोंद कुणाच्याच खातेवहीत होत नाही ती कमी करण्याची कुणाला निकड वाटत नाही. शर्यतीतील चालक मेला तर संघाचे, संयोजकांचे आणि जाहिरातदारांचे नुकसान होते. शिवाय चालकांची संघटना आहे, तिला आवाज आहे. किनगावच्या मजुरांना संघटना नव्हती आणि त्यांच्या मृत्यूचा खर्च त्यांच्या घरांनीच सोसला. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात एक कलम आले. सदोष बांधणीमुळे मृत्यू ओढवला तर संबंधित अधिकारी वा कंत्राटदार यांना त्यानुसार दंड होऊ शकतो. पण त्याची कमाल मर्यादा एक लाख रुपये! महामार्गाच्या कंत्राटाच्या रकमेपुढे हा आकडा ठेवून पाहावा, म्हणजे निष्काळजीपणा किती स्वस्त आहे ते कळते. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली, ती अशा स्वस्ताईत.

हे बदलत नाही असे नाही. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ सालापासून जीवघेण्या अपघातांची जागेवर जाऊन कारणे शोधण्याचे आणि कठडे, उतार, उभी वाहने यांतील दोष एकेक करून दूर करण्याचे काम हाती घेण्यात आले. काही वर्षांतच तेथील मृत्यू निम्म्याहून खाली आले. पद्धत तीच, वॉटकिन्स यांची. खानदेशात ती आणण्यास फार मोठे भांडवल लागणार नाही. सरकारी व्याख्येप्रमाणे महामार्गाच्या पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा मृत्यू झाले, तर ते अपघातप्रवण स्थळ ठरते. दहा माणसे मरेपर्यंत थांबणारी ही व्याख्या आधी बदलली पाहिजे. दोन्ही जिल्ह्यांतील प्रत्येक जीवघेण्या अपघाताचा कारणांसह अहवाल मराठीत, ठरावीक मुदतीत प्रसिद्ध झाला पाहिजे. आणि येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांना आपापल्या परिसरातील रस्त्याची तपासणी हा अभ्यासक्रमाचा भाग करता येईल.

या कामी वेगाच्या रसिकांइतकी तयार फौज दुसरी कोणती? आकडे लक्षात ठेवण्याची त्यांना हौस आहे, नियमांवर वाद घालण्याची सवय आहे, यंत्राची जाण आहे. त्यांनी फान्जिओ आणि लाउडा यांच्या गप्पा सोडाव्यात असे नाही. त्या गप्पांत खानदेशच्या रस्त्यांना एक जागा द्यावी, एवढेच. कोणत्या वळणावर कितवा अपघात झाला आणि त्यानंतर काय बदलले, हा प्रश्नही सोमवारच्या चहावर विचारला जावा. स्ट्यूअर्टने एक पाना जवळ बाळगला, पण प्रत्येक चालकाला तो बाळगावा लागू नये म्हणून तो आयुष्यभर भांडला. धुळ्याच्या गॅरेजांत पान्यांना तोटा नाही. भांडणारे मात्र अजून हवे आहेत.