मालिका संपली, आता पुढे काय वाचू?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना झालेले ‘अं’ तेवढे काढलेत, बाकी आहे तसंच.

आजचा प्रश्न तुमच्यापैकीच बऱ्याच जणांचा. आवडती फँटसी मालिका संपते आणि नंतर काही वाचवतच नाही. जे हातात घ्यावं ते फिकं लागतं. यावर हसू नका. हॅरी पॉटरचा सातवा भाग जुलै २००७ मध्ये आला आणि माझ्या वयाच्या कितीतरी जणांचं वाचन सातव्या भागापाशी थांबलं ते थांबलंच. म्हणून पुढचं पुस्तक नीट निवडणं महत्त्वाचं.

आपण काय करतो? ॲप उघडतो. ‘हे घेणाऱ्यांनी तेही घेतलं’ अशी यादी येते. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे यामागचं गणित सोप्यात सांगतो. कोणती दोन पुस्तकं बऱ्याच वेळा एकाच माणसाने घेतली, हे मोजायचं. बस्स. पुस्तकात काय आहे हे त्या गणिताला बघावंही लागत नाही. तुम्हाला हॉगवर्ट्स आवडलं, त्या तिघांची दोस्ती आवडली की कोडं उलगडणं आवडलं, त्याला काय माहीत?

तेव्हा ‘यासारखं काय आहे?’ हा प्रश्न सोडा. ‘मला यातलं नेमकं काय आवडलं?’ हे विचारा. सोपी युक्ती सांगतो. मालिकेतलं कोणतं प्रकरण तुम्ही पुन्हापुन्हा वाचलंत, ते आठवा. उत्तर तिथेच सापडतं.

ते जग आवडलं असेल तर: टॉल्किन भाषांचा अभ्यासक होता. त्याने आधी भाषा रचल्या, मग त्या बोलणारी माणसं. त्याचं ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मुग्धा कर्णिक यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने मराठीत आणलंय. आणि अस्सल मराठीतलंच हवं असेल, तर जी. ए. कुलकर्णींचं ‘रमलखुणा’ (१९७५) घ्या. त्यात दोनच दीर्घकथा आहेत. त्यातली ‘इस्किलार’ कुठल्याही नकाशात नसलेल्या प्रदेशात घडते. आपण जीएंना ‘अवघड लेखक’ म्हणून लांब ठेवतो. फँटसी वाचणाऱ्याला ते उलट जवळचे वाटतील.

जादूचे नियम आवडले असतील तर: ब्रँडन सँडरसनचं ‘मिस्टबॉर्न’ इंग्रजीत वाचा. तिथे धातू गिळून शक्ती मिळते, आणि कुठल्या धातूने काय होतं हे ठरलेलं आहे. उर्सुला ले ग्विनचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ तर १९६८ चं, म्हणजे हॅरीच्या जवळपास तीस वर्षं आधीचं. त्यातही जादूगारांची शाळा आहे. नियम एकच: वस्तूचं खरं नाव कळलं की तिच्यावर ताबा.

दोस्ती आवडली असेल तर: मग पुढचं पुस्तक फँटसी असायलाच हवं असं नाही! सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ वाचा. कट्टा मिळाला की जादूची कांडी आठवणारही नाही.

गोष्ट संपूच नये असं वाटत असेल तर: गौरी देशपांडे यांनी मराठीत आणलेल्या ‘अरेबियन नाइट्स’चे १६ खंड आहेत. अकराव्या शतकातला सोमदेवाचा ‘कथासरित्सागर’, त्याचीही मराठी भाषांतरं आहेत. विक्रम-वेताळाच्या गोष्टी यातच येतात, आणि सोमदेवाचा तो राजा गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा.

याच ग्रंथात गुणाढ्याची गोष्ट आहे. त्याने सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली, सातवाहन राजाने ती नाकारली. मग तो रानात बसून पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखवायचा आणि आगीत टाकायचा. राजा धावत आला तोवर सहा लाख श्लोक जळाले होते, उरला एक लाख. ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या पुढच्या पुस्तकासाठी २०११ पासून ताटकळणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर वाचावी. जे हातात आहे त्याची किंमत कळते.

दोन गोष्टी सांगून थांबतो. मोठी मालिका संपल्यावर लगेच दुसरी चौदा भागांची मालिका सुरू करू नका. मध्ये एखादं बारीक पुस्तक येऊ द्या. आणि पन्नास पानांत रमला नाहीत तर खुशाल सोडा. विकत घेतलेलं सोडताना जीव तुटतो, म्हणून आधी लायब्ररी. नवी मुंबईकरांनो, ट्रान्स हार्बर पकडून ठाण्याला उतरा. तिथलं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासूनचं आहे. कपाटासमोर उभं राहून चार पानं चाळली की कळतं, आपलं जमणार की नाही.

तुम्ही पुन्हापुन्हा वाचलेलं प्रकरण कोणतं, ते कळवा. पुढच्या भागात त्यावरूनच पुस्तकं सुचवतो. भेटूया!